कारण कोणी द्यावयाचे? : परदेशगमनाच्या हक्काची कहाणी

गतवर्षीची गोष्ट. माझी कन्या नोकरीनिमित्त जर्मनीतील लाइपझिग या शहरी राहते. तिचे पहिले बाळंतपण जवळ आल्यामुळे आम्हां उभयतांना तिकडे जाणे अगत्याचे झाले. मी केंद्र सरकारचा नोकर. तेव्हा परदेशी जाण्यापूर्वी कार्यालयाची अनुज्ञा घेणे क्रमप्राप्तच होते. अर्जाचा नमुना हाती आला. त्यात एक रकाना होता : 'प्रवासाचे कारण'. मी लिहिले, 'मुलीचे बाळंतपण'. अर्ज या मेजावरून त्या मेजावर फिरू लागला.

सौभाग्यवतींचे काम निराळे होते. लालबाग रस्त्यावरील पासपोर्ट सेवा केंद्रात त्या एका सकाळी गेल्या, बोटांचे ठसे देऊन दुपारच्या जेवणाला घरी परतल्या, आणि पोलीस-तपासणी आटोपल्यावर पारपत्र टपालाने बनशंकरीच्या आमच्या पत्त्यावर आले. "अहो, मला तर कुणीच विचारलं नाही, कशाला जातेस म्हणून!" त्या म्हणाल्या. पुढे व्हिसाच्या वेळी जर्मन वकिलातीने त्यांना तो प्रश्न विचारला, हे खरे. पण परक्याच्या दारात शिरताना यजमानाने चौकशी करावी हे समजण्याजोगे आहे. आपल्याच घरातून बाहेर पडताना त्यांना कोणी अडविले नव्हते. अखेर त्या एकट्याच पुढे गेल्या. माझी अनुज्ञा आली ती नातीच्या बारशानंतर.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. सेवेत शिरताना तिचे नियम मी राजीखुशीने पत्करले होते. परंतु एकाच घरातील दोन माणसांच्या या दोन अनुभवांनी मनात एक जिज्ञासा उत्पन्न केली. नागरिकाने देशाबाहेर जाताना कारण द्यावयाचे, की त्याला अडविणाऱ्या सरकारने? परदेशगमनाचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, असे वाचन करता करता माझ्या ध्यानात आले. आपल्या मंडळातील क्वचितच एखादे घर असे असेल की ज्यातील मूल आज परदेशी नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आरंभ एका टपाल खात्यातील नोकराच्या घरापासूनच करू. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांचे पती गोपाळराव हे बंगाल प्रांतात श्रीरामपूर येथे टपाल खात्यात होते. त्या काळी समुद्रापार जाण्यास हिंदी माणसाला पारपत्र लागत नसे. तिकिटाचे पैसे आणि बोटीवर चढण्याचे धैर्य असले म्हणजे पुरे. सरकारने आनंदीबाईंना कारण विचारले नाही. विचारले ते समाजाने. सिंधुबंदीचा निर्बंध कायद्याच्या पुस्तकात नव्हता, परंतु जातीतून बहिष्कृत होण्याची भीती कोणत्याही कलमापेक्षा तीव्र होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी इंग्रजीतून जे भाषण केले, ते म्हणजे या प्रश्नांची क्रमवार उत्तरेच होती : अमेरिकेसच का, एकटीच का, परत आल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय. त्या वेळी त्यांचे वय पुरते अठराही नव्हते. ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि स्वदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचे निधन झाले.

समाजाचा हा अडसर पुढील तीस-पस्तीस वर्षांत हळूहळू सैल झाला. नेमका त्याच सुमारास सरकारचा अडसर पडला. पहिल्या महायुद्धाच्या काळात जवळजवळ सर्वच देशांनी पारपत्रे सक्तीची केली. युद्धापुरती म्हणून आलेली ही व्यवस्था युद्ध संपल्यावर गेली नाही.

तिचा फटका प्रत्यक्ष लोकमान्य टिळकांना बसला. होमरूलची मागणी इंग्लंडच्या जनतेपुढे मांडण्यासाठी १९१८ च्या मार्चअखेर टिळक शिष्टमंडळासह मुंबईहून निघाले. बरोबर न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे, करंदीकर आणि बिपिनचंद्र पाल होते. पारपत्रे रीतसर मिळालेली होती. मद्रासमार्गे मंडळी कोलंबोस पोहोचली, आणि तेथे त्यांना कळविण्यात आले की लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने त्यांची पारपत्रे रद्द केली आहेत. सगळ्यांना मागे फिरावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात टिळकांना इंग्लंडला जाऊ दिले, ते व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरील बेअब्रूच्या खटल्यासाठी, आणि राजकीय चळवळ करावयाची नाही या अटीवर. ती अट पुढे उठविण्यात आली, ही गोष्ट वेगळी. परंतु येथे चित्र स्पष्ट झाले. कोणत्या कारणासाठी जावयाचे हे सांगण्याचे ओझे प्रवाशावर, आणि ते कारण मान्य करणे न करणे सरकारच्या मर्जीवर.

यानंतर १९२० चा भारतीय पारपत्र कायदा आला. त्याची एक गंमत आहे. त्या कायद्याने हिंदुस्थानात प्रवेश करण्यास पारपत्र आवश्यक ठरविले. बाहेर जाण्याविषयी त्यात काही नव्हते. पण पारपत्र नसलेल्या माणसाला कोणती बोट-कंपनी घेऊन जाणार? तेव्हा दार लावण्याचा कायदा न करताही दार लागले, आणि त्याची किल्ली अधिकाऱ्यांच्या खिशात राहिली.

जाण्याच्या हक्काचे दुसरे अंग म्हणजे परत येण्याचा हक्क. त्यासंबंधी वर्ध्याच्या डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे चरित्र आठवावे. क्रांतीच्या ध्येयाने तरुणपणी देश सोडलेला हा पुरुष अमेरिकेत गदर चळवळीच्या उभारणीत सामील झाला आणि पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आला. तेथील थोर चित्रकार दियेगो रिव्हेरा यांनी आपल्या एका भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले आहे. देश स्वतंत्र झाल्यावर खानखोज्यांनी मायदेशी येण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती प्रथम नाकारली गेली. इंग्रजांनी केलेली निषिद्ध व्यक्तींची यादी स्वतंत्र भारताच्या दप्तरात तशीच राहिली होती! ज्या राज्याविरुद्ध ते लढले ते राज्य गेले, तरी त्या राज्याने ओढलेली रेघ उरली. पुढे ती चूक दुरुस्त झाली, खानखोजे परतले, नागपूरला स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच निवर्तले. ही तारीख वाचकांनी कृपया लक्षात ठेवावी.

गोमंतकातील आणि बेळगाव-सावंतवाडीकडील वाचकांना आणखी एका सीमेची आठवण असेल. पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती. फेब्रुवारी १९५४ मध्ये डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका मेजवानीत, गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे या उद्गारांचा जाहीर निषेध केला. तेवढ्यावरून त्यांना अटक होऊन पोर्तुगालला धाडण्यात आले. प्रवासाला मज्जाव करणे हा हुकूमशाहीचा एक मार्ग, तर सक्तीने प्रवास घडविणे हा दुसरा. १९५५ साली भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध तुटले, आगगाडी बंद पडली, आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत ये-जा दुष्कर झाली. कित्येक घरांची कुलदैवते सीमेपलीकडे आणि कुळे अलीकडे, अशी स्थिती होती. या निर्बंधांत आपल्या सरकारचाही वाटा होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्यामागील हेतू मुक्तीचा होता. पण देवदर्शन चुकलेल्या वृद्धेला त्या हेतूने काय समाधान मिळणार?

याच कालखंडात जगाच्या पाठीवर काय चालले होते? १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचे तेरावे कलम सांगते की स्वतःच्या देशासह कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मतदानाच्या वेळी तटस्थ राहिलेल्या आठ राष्ट्रांत सोव्हिएट संघ होता. तेथे देश सोडण्यासाठी पारपत्राखेरीज बहिर्गमनाचा वेगळा परवाना लागे, आणि नोकरीच्या ठिकाणाहून वर्तणुकीचा दाखलाही. नागरिक हा जणू सरकारी मालमत्तेचा भाग, आणि त्याला बाहेर नेताना भांडारपालाची सही हवी! हे निर्बंध सैल करणारा कायदा तेथे १९९१ साली संमत झाला, आणि तो पुरता अंमलात येईतो, म्हणजे १ जानेवारी १९९३ पर्यंत, सोव्हिएट संघच राहिला नव्हता.

परंतु दोष केवळ साम्यवादी राजवटींना देऊन आपले समाधान करून घेऊ नये. स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्या अमेरिकेने आपला थोर गायक पॉल रोबसन याचे पारपत्र १९५० साली काढून घेतले. चित्रकार रॉकवेल केंट याला, साम्यवादी पक्षाशी आपला संबंध आहे की नाही याचे प्रतिज्ञापत्र दे, असे सांगण्यात आले. केंट न्यायालयात गेला, आणि जून १९५८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सरकारचा हा अधिकार अमान्य केला. रोबसनलाही मग पारपत्र मिळाले. भय हे कोणत्याही राज्यपद्धतीला दार लावून घेण्याची बुद्धी देते; भेद एवढाच, की एका ठिकाणी दार ठोठावण्यास न्यायालय असते आणि दुसरीकडे नसते.

आता आपल्या बेंगळूरुकडे वळू. भारतात १९६७ पर्यंत पारपत्र नाकारण्यासंबंधी कायदाच नव्हता. पारपत्र ही सरकारची चीज आहे, ते द्यावे न द्यावे ही सरकारची इच्छा, अशी शासनाची भूमिका होती. तिला आव्हान देणाऱ्या आरंभीच्या निर्णयांपैकी एक याच शहरात लागला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. डॉ. एस. एस. सदाशिव राव यांच्या प्रकरणात १९६५ साली तत्कालीन म्हैसूर उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती के. एस. हेगडे यांच्या मुखाने, असा निर्वाळा दिला की परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. केरळ आणि मुंबई येथील उच्च न्यायालयांनीही हेच मत दिले. कब्बन पार्कसमोरील त्या तांबड्या इमारतीवरून आपण कैक वेळा गेलो असू. पुढील खेपेस ही गोष्ट स्मरावी.

वाद दिल्लीस गेला. मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या सतवंतसिंग सॉहनी या गृहस्थांची पारपत्रे सरकारने परत मागितली होती. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश कोका सुब्बाराव यांनी बहुमताचा निकाल लिहिला : कायद्यावाचून केवळ मर्जीने कोणाला अडविता येणार नाही. खानखोज्यांना जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. महिन्याभरात सरकारने अध्यादेश काढला, आणि जूनमध्ये १९६७ चा पारपत्र कायदा झाला. नकाराची कारणे त्यात नमूद केली गेली, ती लेखी नोंदविण्याचे बंधन अधिकाऱ्यावर आले, आणि मागितल्यास त्यांची प्रत देणेही. मात्र एक पळवाट राहिली. राष्ट्रहित वा 'सर्वसाधारण जनतेचे हित' यांचा हवाला देऊन कारण न सांगण्याची मुभा ठेवली होती.

त्या पळवाटेची परीक्षा दहा वर्षांनी झाली. १ जून १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, श्रीमती मनेका गांधी यांना पारपत्र मिळाले होते. १९७७ च्या मार्चमध्ये सत्तांतर होऊन जनता पक्षाचे सरकार आले, आणि जुलैमध्ये त्या सरकारने हे पारपत्र जमा करण्याचा हुकूम काढला. त्यांनी कारण विचारले. उत्तर आले की जनहितास्तव कारण देता येत नाही! स्वातंत्र्याची पुनःस्थापना करण्यासाठी निवडून आलेल्या सरकारने ज्या घराण्याच्या राजवटीविरुद्ध कौल मागितला होता, त्याच घराण्यातील सुनेला आता स्वातंत्र्याचे कलम पुढे करावे लागले. काव्यगत न्याय म्हणून कोणाला हसू आले असेल. पण कायदा असा लोकप्रियता पाहून वाढत नाही.

२५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला. नागरिकाचे स्वातंत्र्य हिरावताना नुसता कायदा असून भागत नाही. त्या कायद्याची कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, आणि संबंधिताला आपली बाजू मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे, हे तत्त्व प्रस्थापित झाले. पारपत्र मात्र लगेच परत मिळाले नाही. सरकारने बाजू ऐकून घेण्याचे आश्वासन दिल्यामुळे न्यायालयाने हुकूम रद्द न करता प्रकरण तेथेच थांबविले. या पीठात मूळचे पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. पुढील महिन्यातच ते सरन्यायाधीश झाले. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असे ज्या बहुमताने ठरविले, त्यातील बेग, चंद्रचूड आणि भगवती हे तिघेही या पीठावर होते. दोन वर्षांपेक्षा कमी काळात न्यायालयाने एवढे अंतर कापले. या प्रवासाला काही पारपत्र लागले नाही. मोकळी हवा मात्र लागली.

आपल्या मंडळाची स्थापना झाली ती याच सुमारास. तेव्हाचे आपले संस्थापक सभासद हे बहुतेक एच.ए.एल., एच.एम.टी., बी.ई.एल., आय.टी.आय. अशा कारखान्यांतील नोकरदार. न्यायालयाने दार उघडले तरी त्या पिढीला उंबऱ्यावर दुसरा अडसर भेटे, तो परकीय चलनाचा. रिझर्व्ह बँकेकडून 'पी' फॉर्म मंजूर करून घ्यावा लागे, आणि खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला उतरल्याची आठवण त्या काळातील अनेक जण आजही सांगतात. एखादा निघाला की अर्धे मंडळ हार घेऊन निरोपाला जाई. १९७३ चा कडक परकीय चलन कायदा जाऊन १ जून २००० पासून नवा सौम्य कायदा अंमलात आला, तेव्हा हा अडसर सरला. तात्पर्य, हक्क कागदावर असतो. तो वापरण्याचे सामर्थ्य वेगळे मिळवावे लागते.

आजही कोकणातून आखाती देशांत मजुरीला जाणारा, दहावी न झालेला तरुण आणि बेंगळूरुहून निघणारा संगणक-अभियंता यांची पारपत्रे सारखी नाहीत. पहिल्याला १९८३ च्या कायद्यान्वये काही विशिष्ट देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते. हेतू त्याच्या संरक्षणाचा आहे, आणि फसवणुकीच्या घटना पाहता तो अनाठायी म्हणवत नाही. तरीही संरक्षण आणि मज्जाव यांतील सीमारेषा पुसट असते, आणि तिच्यावर लक्ष ठेवणे शिकलेल्यांचे काम आहे. कारण ज्याला कारण विचारले जात नाही, त्याला हा प्रश्न सहसा सुचतच नाही.

अनुज्ञा मिळाल्यावर मीही लाइपझिगला गेलो. ते शहर एके काळी पूर्व जर्मनीत होते. १३ ऑगस्ट १९६१ पासून त्या देशाने बर्लिनमध्ये भिंत उभारली. १९६४ पासून निवृत्त वृद्धांना मात्र पश्चिमेकडील आप्तांना भेटण्याची मुभा मिळाली. कामाचे वय सरले, तेव्हा गेले आणि आले नाहीत तरी राज्याचे नुकसान नाही, असा हिशेब. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील मला हे वाचून हसावे की काय करावे ते कळेना. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी याच शहरात निकोलाय चर्चच्या परिसरातून सुमारे सत्तर हजार लोक शांतपणे रस्त्यावर उतरले. बरोबर एक महिन्याने, ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, पूर्व बर्लिनमध्ये ग्युंटर शाबोव्स्की या पुढाऱ्याने पत्रकारांपुढे एक कागद वाचला आणि त्या रात्री भिंत उघडली. त्या कागदात काय होते? यापुढे परदेश प्रवासाचा अर्ज करताना प्रवासाचे निमित्त वा नातेसंबंध दाखविण्याची आवश्यकता नाही, एवढेच! म्हणजे अर्जातील एक रकाना काढून टाकला, आणि एक राजवट कोसळली.

त्या चर्चसमोरील फरसबंदीवर सौभाग्यवतींनी नातीची बाबागाडी उभी केली होती. नात तीन महिन्यांची. तिचेही पारपत्र निघाले आहे. त्यातील छायाचित्रात ती डोळे मिटून झोपली आहे असे वाटावे, इतके ते कसेबसे उघडलेले आहेत. ती बेंगळूरुला आली की प्रथम बनशंकरीच्या दर्शनाला न्यायची, असे तिच्या आजीने ठरविले आहे. बदामीजवळची ही देवी कित्येक मराठी घरांची कुलस्वामिनी. तिचे ठाणे येथे कनकपुरा रस्त्यावरही आहे, म्हणून घरापासून इतक्या दूर राहूनही आपल्याला ती परकी वाटत नाही. राहुकाळी लिंबाच्या वाटीत दिवा लावताना, कोठून आलात आणि कशासाठी, असे तेथे कोणी विचारीत नाही.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे या शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचे असेच स्वागत केले. ही परंपरा शताब्दीपर्यंत अखंड चालो, ही प्रार्थना करून हा लेख संपवितो.